कॅथेड्रलातला खिळा

लाकडाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही! ही फुशारकी नाही. बरं, थोडी आहे. पण खरी आहे. जन्मभर मी बोझुय बांधत आलो. वाळुंजीच्या काठ्या वाफेवर वाकवायच्या, त्यांना भोकं पाडायची, कच्च्या कातड्याच्या वाद्यांनी एकमेकींत ओवून जाळीच्या भिंती उभ्या करायच्या, त्यावर लोकरीचा नमदा चढवायचा की झालं गोल घर तयार. खिळा एकही नाही! माझ्या हातात काठी द्या. झाड नदीकाठचं की उतारावरचं, ते डोळे मिटून सांगेन. आणि विकणारा किती खोटं बोलतोय, तेही.

त्यामुळे सीमा ओलांडून आमची टॅक्सी कझाकांच्या मुलखात शिरली आणि चोयुबेक म्हणाला, "अल्माटीच्या बागेत एक चर्च आहे. केवढं? आपल्या गावातलं सगळ्यात उंच झाड तीनदा एकावर एक ठेव, तेवढं! सगळं लाकडाचं. आणि त्यात एकही खिळा नाही!" तेव्हा मी हसलो. इतका हसलो की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं.

"कुणी सांगितलं तुला?"

"सगळं जग सांगतं. जुन्या काळचा तो मोठा भूकंप झाला, सारं शहर आडवं झालं. हे उभं! का? तर आपल्या बोझुयसारखं, नुसतं डुललं."

"अरे टकल्या, बोझुय माणसाच्या दीडपट उंचीचं असतं. तेवढा मोठा डोलारा खिळ्याशिवाय उभा राहत नसतो. मी दाखवतो तुला खिळा."

"तू? तुला आपल्या ताटातलं हाडूक दिसत नाही!"

हा चोयुबेक माझा कुरदाश, म्हणजे एकाच वर्षी जन्मलेला दोस्त. आमच्यात कुरदाशाला काहीही बोलावं, त्याने राग मानायचा नाही, अशी रीत आहे. आणि चोयुबेकने ही रीत कधी वाया जाऊ दिली नाही. तोही बोझुयच बांधतो. मी भिंती करतो, तो तुंदुक करतो, म्हणजे छताच्या अगदी टोकाचं लाकडी कडं, ज्यातून धूर बाहेर जातो आणि उजेड आत येतो. त्याचं काम वर, माझं खाली. म्हणून तो स्वतःला वरचा समजतो.

पण आमचं खरं भांडण वयावरून. माझी आई सांगायची, "मेंढरं कातरत होतो तेव्हा झाला हा." त्याचीही आई सांगायची, "मेंढरं कातरत होतो तेव्हा झाला हा." आता मेंढरं वर्षातून दोनदा कातरतात, वसंतात आणि शरदात. माझी कातरणी वसंतातली आणि त्याची शरदातली, हे आंधळ्यालाही दिसावं. पण त्याचं म्हणणं नेमकं उलटं! आणि ज्या दोघींनी खरं सांगितलं असतं, त्या आता विचारण्यापलीकडे गेल्या.

तुम्ही म्हणाल, वसंत काय नि शरद काय, एवढं काय बिघडतं? सगळंच बिघडतं! मेजवानीत दारासमोरची मानाची जागा वयाने मोठ्याला. मेंढ्याचं शिजवलेलं अख्खं डोकं, तेही त्यालाच. दुसऱ्याने एक गादी खाली सरकून बसायचं आणि तो डोक्यातला तुकडा कापून देईल, त्याकडे बघत राहायचं. चाळीस वर्षं आम्ही लोकांच्या दारात एकमेकांना खांद्याने ढकलत आलो आहोत. आमच्या गावात आम्हा दोघांना एकत्र बोलवायचं तर लोक दोन मेंढे कापतात!

पण आज प्रश्न गावाचा नव्हता. माझी नात आयसाल्किन अल्माटीच्या एका कझाक घरात सून म्हणून जाणार होती, आणि संध्याकाळी त्या नव्या व्याह्यांकडे, ओराझालीकडे आमची पहिली मेजवानी होती. व्याही अनोळखी, मेंढा एक, डोकं एक. मुलगा आणि सून तिला घेऊन आदल्या दिवशीच तिकडे पोहोचले होते. निघताना आयसाल्किनने मला कोपऱ्यात घेऊन बजावलं होतं.

"आजोबा, तुम्ही आणि चोयुबेक आजोबांनी तिथे दारात ढकलाढकली केलीत ना, तर ते लोक म्हणतील, असल्या घरची मुलगी नको. मग मी तुमच्याशी जन्मभर बोलणार नाही. काय ते वाटेतच ठरवून या!"

चोयुबेकला घरी ठेवून येण्याचा उपाय मलाही सुचला होता. पण पहिल्या भेटीला एकट्याने जाणं म्हणजे मागे कुणी नसल्यासारखं. शिवाय तो माझ्याआधी टॅक्सीत बसून होता!

"ठरवू या," मी म्हणालो. "त्या चर्चमध्ये मी खिळा दाखवला तर मानाची जागा माझी, डोकं माझं. आज आणि जन्मभर. तू वसंतात नाही, शरदात जन्मलास, हे सगळ्यांसमोर कबूल करायचं."

"आणि नाही दाखवलास तर तू शरदातला!"

ड्रायव्हरला साक्षी ठेवून आम्ही हातावर हात मारला. तो बिचारा म्हणाला, "म्हाताऱ्यांनो, डोक्याला न्याय द्यायचा तर पोट रिकामं ठेवा." ते आम्ही ठेवलंच होतं. सकाळपासून दोघांनी नुसता चहा घेतला होता.

बागेपाशी उतरलो. मेजवानीला वेळ होता. झाडांतून चालत गेलो. मी मनात शब्द जुळवत होतो: "हा बघ खिळा, आणि हा दुसरा." मग झाडं संपली आणि ते समोर आलं.

मी थांबलो. चोयुबेक माझ्या पाठीवर आदळला, आणि तोही थांबला.

पिवळ्या भिंती, पांढरी नक्षी, आणि वर घुमट, लहान, मोठे, त्याहून मोठे. त्यांच्यावर रंगीत चौकटी, जणू कुणी नक्षीच्या नमद्याच्या सतरंज्या आभाळात वाळत घातल्या होत्या. त्याच्याही वर सोन्याचे क्रूस, आणि त्यांच्या मागे बर्फाचे डोंगर. ज्या डोंगरांच्या अलीकडे हे उभं, त्यांच्या पलीकडे आमचं गाव. आमचेच डोंगर! आमच्याच डोंगरांतला कारागाय वृक्ष! हेच लाकूड मी जन्मभर कुऱ्हाडीने फोडून चुलीत घातलं होतं. मला एकदम त्या सगळ्या ओंडक्यांची माफी मागावीशी वाटली.

चोयुबेक गप्प झाला होता. हे त्याच्या बायकोलाही कधी जमलेलं नाही.

"काय रे?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "मान दुखली."

दारात एका बाईने खूण केली, टोप्या काढा. चोयुबेकच्या टकलाला गेली कित्येक वर्षं फक्त उशीने पाहिलंय. काल्पाक, आमची ही नमद्याची टोपी, असा कुठे ठेवत नाहीत, कुणाला देत नाहीत. तेव्हा आम्ही दोघांनी ते काखेत मारले. दाराशी एक भली मोठी पाटी होती. मी अक्षरं शिकलो ती म्हातारपणी, नातीकडून. वाचतो, पण बोट ठेवून, एकेका अक्षराशी ओळख काढत. 'कृपया' या शब्दापर्यंत मी पोहोचलो, तेवढ्यात चोयुबेकने बाही ओढली.

"चल! तू वाचून संपवशील तोवर डोकं थंड होईल."

आत गेलो आणि मी पैज विसरलो.

खरं सांगतो, विसरलो. मेणाचा वास, धुपाचा वास, आणि त्यांच्याखाली, अगदी खाली, ओळखीचा, राळेचा वास. एवढ्या वर्षांनंतरही! मध्यावर आलो आणि वर पाहिलं. घुमटातून उजेड सरळ खाली पडत होता. मी अख्खं आयुष्य अशाच गोल उजेडाखाली जागा झालो आहे. पण आमच्या छताला मी काठीने हात लावू शकतो. हा उजेड कुठून तरी फार लांबून आला होता आणि वाटेत थकला नव्हता. वरच्या सज्ज्यात कुणी गात होतं. दिसत नव्हतं कुणीच. लाकूडच गातंय असं वाटत होतं.

शेजारी चोयुबेक तोंड उघडं टाकून उभा होता.

"तुंदुक," तो पुटपुटला. "ईमानकुल, हे तुंदुक आहे. हे ज्याने केलं, त्याला तर..."

"त्याला काय?"

"त्याला मी मानाची जागा दिली असती."

हे वाक्य चोयुबेकच्या तोंडून! मी त्याच्याकडे बघतच राहिलो. पण मग त्याने नाक पुसलं आणि म्हणाला, "बरं, खिळा कुठाय?"

मी खिशातून लोहचुंबक काढलं. जुन्या भोंग्यातलं, मुठीएवढं, दोरी बांधलेलं. हे माझ्या धंद्यातलं हत्यार. जुन्या काठीत तार रुतलेली असली तर रंध्याचं पातं मोडतं. म्हणून आधी चुंबक फिरवून बघायचं. मी एक जाड खांब निवडला. पोटाच्या उंचीपासून सुरुवात करून हळूहळू चुंबक वर नेलं. काही नाही. खाली आणलं. काही नाही. मग कपाळ टेकलं, कान लावला, डोळे मिटले आणि बोटाच्या पेराने हलकेच ठोकलं. लाकूड बोलतं. आत लोखंड असेल तिथे ते तोंड वाकडं करून बोलतं.

डोळे उघडले तर शेजारी एक रशियन बाई उभी. डोक्याला काळा रुमाल, हातात मेणबत्ती, वय आमच्याहून थोडं कमी.

"बाबा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "या खांबापाशी काय मागतात?"

माझं रशियन मी ट्रॅक्टर दुरुस्त करताना शिकलो. त्यातले निम्मे शब्द चर्चमध्ये उच्चारण्याजोगे नाहीत. उरलेल्या निम्म्यांत मी म्हणालो, "मागत नाही. ऐकतो."

"ऐकू येतं?"

"कान लावून बघा."

तिने कान लावला. मी वरच्या बाजूला पेराने ठोकलं. तिचे डोळे मोठे झाले. खांबातून तो आवाज किती दूर गेला, कुठे वळला, कुठून परत आला, ते मलाही ऐकू आलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. तिने क्रूसाची खूण केली आणि कपाळ टेकलं. तिच्या मागे आणखी एक बाई आली. तिच्या मागे तिसरी. बघता बघता माझ्या खांबापाशी रांग लागली!

"काय केलंस हे?" चोयुबेक दातओठ खात म्हणाला. "पीर झालास की काय?"

"गप्प! जरा वर हात पोहोचतोय का बघतो."

मी टाचा उंचावल्या, हात ताणला आणि चुंबक वर सरकवलं.

टक!

चिकटलं! रंगाच्या थराखाली काहीतरी होतं. मी आनंदाने चोयुबेकचा कान पकडला. "ऐकलंस? खिळा!"

"खिळा कसला! चित्र टांगायची आकडी असेल ती. नंतर मारलेली. ती धरायची नाही!"

"लोखंड ते लोखंड!"

"बांधताना मारलेलं पाहिजे!"

"तू होतास का बांधताना?"

"नव्हतो, पण तुझ्याआधी जन्मलो आहे!"

रांगेतल्या बायका आमच्याकडे पाहू लागल्या. मी चुंबक उपटून खिशात घातलं आणि आम्ही कुजबुजत, एकमेकांना कोपर मारत बाजूच्या भिंतीकडे सरकलो. तिथे भांडण पुढे चालवलं असतं. पण तिथे एक टेबल होतं.

आणि टेबलावर काय नव्हतं! गोल पाव, लांब पाव, धिरडी, बिस्किटं, सफरचंदं, चांदीच्या कागदातली चॉकलेटं, मध-मनुका घातलेला भात, आणि मधोमध एक भाजलेली, जाडजूड, कोबी भरलेली पोळी, पिरोग म्हणतात तो, अजून गरम. माझ्या रिकाम्या पोटाने असा आवाज काढला की तो घुमटात घुमला असावा.

"दस्तरखान!" चोयुबेकच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाहुण्यांसाठी मांडलेलं जेवण. आणि लोक म्हणतात, रशियनांना आदरातिथ्य येत नाही!"

"पण आपल्याला मेजवानीला जायचंय."

"म्हणून काय पावाला हात न लावता घराबाहेर पडायचं? एवढ्या मोठ्या घराचा अपमान?"

हे मात्र खरं. आमच्यात कुणाच्याही घरी गेलं, घाईत असलं, भांडायला आलेलं असलं, तरी निघताना पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकावा लागतो. तसंच निघून जाणं म्हणजे त्या घरावर थुंकणं. मी पावाचा तुकडा मोडला. चोयुबेकने पिरोगचा मोडला. मग मीही पिरोगचा मोडला. तो पिरोग! त्यात लोणी होतं, बडीशेप होती, आणि करणाऱ्या हाताची माया होती. आम्ही पावाची रीत पाळत गेलो आणि पिरोग निम्मा संपला. मग चोयुबेकने रुमाल पसरला आणि त्यात मूठभर चॉकलेटं बांधली. मेजवानीतला वाटा घरच्या पोरांना न्यायचा, हीही रीतच!

इथवरही निभावलं असतं. पण खाऊन झालं की आशीर्वाद द्यायचा असतो. चोयुबेकने दोन्ही तळवे छातीसमोर उघडले. त्याचा आवाज एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यातले याक बोलावण्यात घडलेला आहे.

"या घराचं दार कधी बंद न होवो! या घरची गुरं दुप्पट होवोत! या घरातल्या बायांना जुळी होवोत! आमेन!"

घुमटाने ते सगळं उचललं, फिरवलं आणि पुन्हा आमच्यावर टाकलं. वरचं गाणं थांबलं. सगळं चर्च आमच्याकडे वळलं. चोयुबेकचे हात अजून चेहऱ्यावरून खाली येत होते, मिशीला कोबी लागला होता.

त्या शांततेत एक आवाज आला.

"माझ्या प्रोखोरचा पिरोग!"

खांबापाशी भेटलेली काळ्या रुमालाची बाई. तिचं नाव कापितोलिना साव्हेल्येव्हना, हे नंतर कळलं. ती आधी टेबलाकडे, मग मिशीकडे, मग माझ्याकडे बघत होती. "तुम्ही? तुम्ही, बाबा? मला वाटलं, तुम्ही देवमाणूस आहात!"

"बाई, प्रोखोर कोण?" मी विचारलं. "त्याला दुसरा पिरोग घेऊन देतो."

"प्रोखोर माझा नवरा. वारला. आज चाळिसावा दिवस."

चाळिसावा दिवस! आता मला ती मेणबत्त्यांची रांग दिसली, टेबलाच्या टोकाशी असलेला छोटा क्रूस दिसला, पावांखाली सरकवलेल्या, गेलेल्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या दिसल्या. हा पाहुण्यांचा दस्तरखान नव्हता. हे मेलेल्यांचं टेबल होतं! आणि आम्ही दोन म्हातारे त्यावर वाकून ताव मारून, वर बायांना जुळी होण्याचा आशीर्वाद देऊन मोकळे झालो होतो!

चोयुबेक पुटपुटला, "पळू या का?"

"कुठे? गुडघे तुझे की माझे?"

मी काखेतला काल्पाक छातीशी धरला. ट्रॅक्टरच्या रशियनमध्ये जेवढं सापडलं तेवढं गोळा केलं.

"बाई, आम्ही डोंगरातले अडाणी. आम्हाला वाटलं, पाहुण्यांसाठी आहे. आमच्यातही माणूस गेला की चाळिसाव्याला जेवण घालतात. कणकेचे तुकडे तुपात तळतात, तो वास वर जातो. आणि जो कुणी येईल तो खातो. ओळखीचा, अनोळखी, कुणीही. त्याने खाल्लं, की ते त्याला पोहोचलं, जो गेला त्याला. माझी बायको गेली, तेव्हा मी परक्या माणसांना रस्त्यावरून ओढून आणून खाऊ घातलं होतं. तुमची माफी मागतो. पण... पिरोग फार चांगला होता."

कापितोलिनाने पिरोगचे सांडलेले कण बोटाने गोळा केले. वर लाकडात कुठेतरी एक तुळई कुरकुरली.

"चांगला होता?" तिने शेवटी विचारलं.

"फार चांगला."

"बडीशेप जास्त नाही ना झाली? त्याला जास्त लागायची."

"बरोबर होती."

"शेवटी शेवटी त्याला घास गिळवत नव्हता हो," ती म्हणाली. "मी करायची आणि तो नुसता वास घ्यायचा. म्हणायचा, 'कापा, तू खा, मी बघतो.' आणि तुम्ही आज असे खात होतात... असे खात होतात, की जणू..." तिने रुमालाच्या टोकाने डोळे टिपले, आणि मग एकदम उरलेला पिरोग आमच्यापुढे सरकवला. "संपवा!"

"काय?"

"संपवा म्हणते ना! अर्धाच खाल्लात तर त्याला अर्धाच पोहोचेल!"

तेवढ्यात दाढीवाला तरुण पाद्री आला. काय झालं ते बायकांनी त्याला एकदम सांगितलं, सगळ्यांनी मिळून. त्याने ऐकलं, दाढी कुरवाळली. "या टेबलावरचं गरिबांना आणि वाटसरूंना जातं," तो म्हणाला. "दारावरच्या पाटीवर लिहिलंय तसं. तुम्ही वाटसरूच ना, बाबा?"

"मी 'कृपया' पर्यंत वाचलं होतं," मी म्हणालो.

"मग पुढचं आता कळलं," तो म्हणाला आणि हसू लपवत गेला.

झालं! बायकांना परवानगी मिळाली. आम्ही पिरोगचा शेवटचा तुकडा गिळतो न गिळतो, तोच खांबाच्या रांगेतली दुसरी बाई पुढे आली, हातात धिरड्यांची थाळी. "ही माझ्या आईची. म्हणजे आईसाठी. तिला आंबट साय आवडायची, सायीसकट खा." कशी नाही म्हणणार? तिच्या मागे तिसरी: "माझ्या भावाचा भात. तो जेवायला बसला की दोन वाडगी खायचा." आम्ही दोन वाडगी खाल्ली. मग एका म्हातारीने एक सफरचंद पुढे केलं. तिचा मुलगा लहानपणीच गेला होता. ते सफरचंद मी बियांसकट खाल्लं.

मला आता सांगता येणार नाही आम्ही कुणाकुणासाठी खाल्लं. प्रत्येक घासाबरोबर एकेक माणूस पुढे येत होता. कुणी शिंपी, कुणी शाळेतली बाई, कुणी हसरा, कुणी रागीट. त्यांची माणसं भोवती उभी राहून आमच्या तोंडांकडे पाहत होती, आणि वरून तो लांबचा उजेड आमच्या हातांवर पडत होता. गाणंही पुन्हा सुरू झालं होतं. मी अनेक मोठ्या मेजवान्यांत बसलो आहे. पण माझ्या खाण्याला एवढी किंमत कुणी दिली नव्हती. मला रडू येत होतं आणि ढेकरही येत होती, आणि आधी कशाला वाट द्यावी ते कळत नव्हतं.

"ईमानकुल," चोयुबेक कण्हला, "माझ्या पोटात आता निम्मं अल्माटी आहे."

"खा. ती बघ, जामचा डबा घेऊन येतेय."

शेवटी कापितोलिनानेच आमची सुटका केली. दारापर्यंत पोहोचवायला आली. चोयुबेकच्या रुमालात तिने स्वतःच्या हाताने आणखी चॉकलेटं कोंबली. "पुन्हा आलात तर त्या खांबापाशी थांबा," ती मला म्हणाली. "मी असते." मी मागे वळून एकदा वर पाहायला गेलो. मान वर जाऊ पाहत होती, पण पोट जाऊ देत नव्हतं.

ओराझालीच्या घरी पोहोचलो तेव्हा रस्सा, कांदा आणि उकडलेल्या मटणाचा तो वास दाराबाहेर आला होता. एरवी त्या वासाने मी तरुण झालो असतो. चोयुबेकने भिंत धरली.

आत सगळे उभे. ओराझाली, भला थोरला माणूस, छातीवर हात ठेवून म्हणाला, "या व्याही, या! वर, दारासमोर! तुमच्यापैकी वडील कोण? त्यांनी मानाच्या जागी बसावं."

कोपऱ्यात माझ्या मुलाने डोळे मिटले. सुनेने रुमालाचं टोक तोंडाला लावलं. दोघांनाही माहीत होतं, आता काय होणार.

"चोयुबेक वडील," मी म्हणालो.

माझ्या मुलाने डोळे उघडले.

"छे! ईमानकुल वडील!" चोयुबेक ओरडला. "तो वसंतातला. मी शरदातला!"

"खोटं! शरदातला मी!"

"अरे, पण तू खिळा दाखवलास! टक आवाज मी या कानांनी ऐकला!"

"ती आकडी होती! चित्र टांगायची! तूच म्हणालास!"

"लोखंड ते लोखंड, तू म्हणालास!"

आणि आम्ही दारात ढकलाढकली सुरू केली. फक्त या वेळी उलट्या दिशेने! मी त्याला खांद्याने वर लोटत होतो, तो मला. दोघंही दाराजवळची शेवटची गादी धरू पाहत होते. ओराझालीचे हात छातीवरून खाली आले. त्याला काय करावं कळेना. पाहुणा मानाची जागा नाकारतो म्हणजे काय? घर आवडलं नाही? मेंढा आवडला नाही? मुलगा आवडला नाही? त्याचा चेहरा उतरत चाललेला मला दिसत होता, आणि त्या चेहऱ्याबरोबर माझ्या नातीचं लग्नही! पण पोट म्हणजे पोट!

तेवढ्यात आतल्या गादीवरून ओराझालीची म्हातारी आई हातातल्या काठीने जमिनीवर ठोकत उठली. पाठीत वाकलेली, पांढऱ्या रुमालातली, डोळे मात्र ससाण्याचे.

"गप्प बसा रे!" ती म्हणाली. सगळे गप्प बसले. "वर जाण्यासाठी भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. खाली बसण्यासाठी भांडणारी आज पहिल्यांदा बघते. दोघंही वर बसा. शेजारी शेजारी. डोकं दोघांच्या मधे. सुऱ्या दोन आणा."

चाळीस वर्षांत हे कुणालाही सुचलं नव्हतं!

बसलो. दोघांच्या मधे तबकात मेंढ्याचं डोकं आलं, वाफाळतं, आमच्याकडे बघणारं. मी सुरी घेतली. जीव मुठीत धरून गालाचा नखाएवढा तुकडा कापला आणि जिभेवर ठेवला. घराचा मान राखला. आणि मग मी वाटायला सुरुवात केली! टाळू कापून नवऱ्या मुलाच्या बहिणीला. एक कान या नातवाला, दुसरा त्या नातवाला. एक डोळा ओराझालीला, आपली भेट वारंवार होवो म्हणून; दुसरा डोळा त्याच्या बायकोला, त्याच कारणासाठी. दुसऱ्या बाजूने चोयुबेक कापत होता आणि जो दिसेल त्याला वाढत होता. दारात डोकावायला आलेल्या शेजाऱ्यालाही गाल मिळाला! काही क्षणांत तबकात फक्त पांढरी कवटी उरली.

खोलीत कुजबुज झाली. ओराझाली हात पुसत म्हणाला, "मी आजवर एवढे पाहुणे वर बसवले. सगळं वाटून स्वतःला काही न ठेवणारे पहिलेच!"

म्हातारीने मान डोलावली. "बघा रे पोरांनो," ती म्हणाली. "याला म्हणतात जुनी माणसं. मान मागत नाहीत, खाण्याला हपापलेली नाहीत. ज्या मुलीचा आजा असा, ती मुलगी मी डोळे मिटून घेते." आणि तिने तळवे उघडून माझ्या नातीला आशीर्वाद दिला. आयसाल्किनने दारातून माझ्याकडे असं पाहिलं, जसं तिने मला जन्मात पाहिलं नव्हतं.

माझा मुलगा मात्र हळूच सरकत जवळ आला आणि कानाशी लागला. "बाबा, तुम्हाला बरं नाहीये का?"

त्या घरात आजही आमच्या विनयाचे दाखले देतात, म्हणे. खरं काय ते त्याच वेळी सांगून टाकावं, असं माझ्या मनात आलं होतं, शपथेवर सांगतो. पण त्या संध्याकाळी तोंड उघडणं फार धोक्याचं होतं!